उकंडरावांच्या मनगटावरची गल्ली

शेलूबाजारात राहायला माणसाला परीक्षा द्यावी लागते, हे उकंडरावांना वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळलं. परीक्षा एक महिन्याची, परीक्षक पुण्यात, आणि पेपर मनगटावर बांधायचा.

परीक्षक म्हणजे त्यांची पोटची पोर, पौर्णिमा. उन्हाळ्यात उकंडराव भर बाजारात चक्कर येऊन बसले. पडले नाहीत, बसले. हा फरक त्यांनी पुढे शे-दोनशे लोकांना समजावून सांगितला. त्यातल्या बऱ्याच जणांना ते बसल्याचंही माहीत नव्हतं. वाशिमच्या डॉक्टरांनी गुडघा आणि ब्लडप्रेशर एकाच चिठ्ठीत बसवून घेतलं आणि खाली लिहिलं: रोज सहा हजार पावलं. कमी नको, जास्त तर मुळीच नको. दुर्गाबाई जाऊन चार वर्षं झालेली, घरात एकटा माणूस. पौर्णिमा म्हणाली, "बाबा, आता पुरे. पुण्याला चला."

पुण्याला उकंडराव एकदा अकरा दिवस राहून आले होते. मुलीच्या सोसायटीच्या गेटवरचा पहारेकरी त्यांना रोज विचारायचा, कोणाकडे आलात? आणि रोज वहीत लिहायचा, 'पाहुणा'. ज्या माणसानं एकतीस वर्षं पोस्टमनकी करून अख्ख्या पंचक्रोशीचे पत्ते तोंडपाठ ठेवले, त्याला रोज सकाळी दूध आणायला गेल्यावर स्वतःचा पत्ता सिद्ध करावा लागायचा. बाराव्या दिवशी ते परत आले, आणि आल्या आल्या घराच्या दारावर स्वतःच्या नावाची नवी पाटी लावली.

शेवटी बाप-लेकीत तह झाला. महिनाभर घड्याळ घालायचं. आकडे नीट आले तर शेलूबाजार, नाहीतर मुलीच्या सोसायटीतला अकरावा मजला.

घड्याळ कुरिअरनं आलं. "पोस्टानं पाठवता आलं असतं," हे उकंडराव तीनदा म्हणाले, त्यातलं एकदा कुरिअरवाल्याला. सोबत नवा फोनही होता. जावई उत्कर्ष हा असा माणूस, की नवी वस्तू बाजारात यायच्या आधी त्याच्या घरी येऊन राहून जाते. घड्याळात वेगळं सिम होतं. ते पावलं मोजायचं, ठोके मोजायचं, झोप मोजायचं, माणूस पडला तर पुण्याला कळवायचं, आणि या सगळ्यातून सवड मिळालीच तर वेळही सांगायचं. पहिल्याच सकाळी त्यानं उकंडरावांच्या झोपेला 'बरी' असा शेरा दिला. उकंडरावांना ते लागलं. सदुसष्ट वर्षांत त्यांच्या झोपेवर कोणी शेरा मारला नव्हता. दुर्गाबाईंनी घोरण्यावर मारला होता, पण तो विषय वेगळा.

फोन चालू करून द्यायचं काम रवीच्या मोबाइलच्या दुकानात झालं. या फोनला किल्ली नव्हती, आकडा नव्हता. तो म्हणे मालकाचं तोंड ओळखून उघडायचा.

"काका, सरळ पाहा. आता मान हळूच फिरवा," रवी म्हणाला.

उकंडरावांनी मान फिरवली. तेवढ्यात शेजारचे बबनराव, जे काही काम नसताना सोबत आले होते, "काय करून राह्यले बे, मले पाहू दे," म्हणत मधे डोकावले. फोननं नेमकं तेच तोंड पसंत केलं.

तेव्हापासून फोन बबनरावांना पाहिल्याशिवाय उघडेना. हे दुरुस्त करायला जो पासवर्ड लागत होता तो उत्कर्षकडे होता, आणि परीक्षेच्या पहिल्याच दिवशी परीक्षकाच्या नवऱ्याला 'माझ्या फोनमध्ये शेजारी बसलाय' हे कोण सांगणार? मग मुलीला फोन लावायचा म्हटलं, की उकंडराव भिंतीवरून हाक मारत, "बबनराव, तोंड आणा!" आणि बबनराव हातातला घास ठेवून तोंड घेऊन येत. आलेला माणूस लगेच जात नाही. त्यामुळे बाप-लेकीच्या सगळ्या खाजगी गोष्टी तिघांत होऊ लागल्या, आणि पौर्णिमानं भाजी कोणती केली हे गल्लीला तिच्या सासूच्या आधी कळू लागलं.

घड्याळाला आणखी एक खोड होती. माणूस तासभर बसला की ते मनगटावर गुरगुरायचं आणि लिहून दाखवायचं: उठा, एक मिनिट उभे राहा. परीक्षार्थी म्हणून उकंडराव ही आज्ञा कुठेही पाळत. एकदा ग्रामसभेत सरपंच विचारत होते, "तंटामुक्ती समितीचं अध्यक्षपद घ्यायला कोण तयार आहे?" गावातली भांडणं अंगावर घ्यायची हौस कोणाला नव्हती, सगळं गाव जमिनीकडे पाहत होतं. घड्याळ गुरगुरलं. उकंडराव उभे राहिले.

टाळ्या झाल्या. "बसा, बसा," सरपंच म्हणाले. पण मिनिट पुरं झालं नव्हतं, म्हणून उकंडराव बसले नाहीत. याला लोक निर्धार समजले. ठराव एकमतानं पास झाला.

तरीही पहिले दहा दिवस निकाल चांगला होता. पाच हजार नऊशे, सहा हजार शंभर, सहा हजार बरोबर. अकराव्या दिवशी सकाळी बबनरावांच्या घरवाली, सोजरबाई, ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, थे घड्याय आजच्या दिवस द्या मले."

"कायले व?"

"आमचे हे रातच्यानं जेवता जेवता म्हणते, घरीच तर रायते तू दिवसभर. यायले दाखवाचं हाय."

आता या गल्लीत चाळणी, शिडी, मोठी कढई आणि ताप पाहायची नळी यांना मालक असा नव्हताच. ज्याच्या घरी वस्तू असेल त्यानं ती फक्त सांभाळायची. शिवाय दुर्गाबाई गेल्या तेव्हा सोजरबाईंच्या घरचा डबा सलग चार महिने आला होता, आणि डबा कधी बंद झाला हे उकंडरावांना कळूही दिलं नव्हतं; आधी भाजी यायची थांबली, मग भाकरी, तोवर ते स्वतः रांधायला शिकले होते. अशा बाईला 'माझी परीक्षा चालू आहे' म्हणून सांगायला तोंड पाहिजे, आणि तेही उकंडरावांकडे, फोनच्या हिशेबानं पाहिलं तर, नव्हतं. त्यांनी घड्याळ काढून दिलं.

संध्याकाळी सोजरबाई सोयाबीनचं निंदण करून, बकरीला पाला आणून, पाण्याच्या चार खेपा करून आल्या. घड्याळात तेवीस हजार चारशे अकरा पावलं होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच घड्याळ बबनरावांच्या मनगटावर बांधलं. संध्याकाळी एकोणीसशे चार. त्यातली हजार चहाच्या टपरीपर्यंतची, आणि बाकीची जेवायला उठण्याची.

बबनराव त्या रात्री पाण्याचा तांब्या स्वतः भरून प्यायले. त्यांच्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

"पण वहिनी, थे तेवीस हजार यातून काढता येत नाई काय?" उकंडरावांनी घाबरत विचारलं.

"काहून काढू?" सोजरबाईंना अपमान वाटला. "शेजाऱ्याचं भांडं कोणी रिकामं वापस देते काय? भरूनच देत असतो आपुन."

पुण्याहून फोन आला. आलेला फोन उचलायला बबनरावांचं तोंड लागत नसे. तरीही ते आले होते.

"बाबा, परवा तेवीस हजार पावलं?"

"बाजारात गेलतो जराशी."

"बाजार आपल्या दारासमोर आहे बाबा."

"हाव. म्हणून चार-पाचदा गेलो."

खरं सांगावं तर घड्याळ हातात नव्हतं हे कबूल करणं आलं, म्हणजे पेपर कोरा. खोटं बोलावं तर गुडघा आडवा येत होता. उकंडरावांनी मधला मार्ग काढला आणि खोकले.

पण बाई जिंकली ही बातमी गल्लीत राहते थोडीच? पुढच्या आठवड्यात वच्छला घड्याळ मागायला आली, तिच्या मागे सुंदरबाई. सुंदरबाईला पावलांशी काही देणंघेणं नव्हतं, तिला ठोके पाहायचे होते. नवरा बोलायला लागला की एकशे अठ्ठावीस, नवरा बाहेर गेला की बहात्तर. विज्ञानात एका प्रयोगावर भरवसा ठेवत नाहीत, म्हणून तिनं नवऱ्याला तीनदा बाहेर पाठवून तीनदा आत बोलावलं. आणि प्रत्येक बाई घड्याळ परत करताना प्रामाणिकपणे आपली सगळी पावलं त्यातच ठेवून जात होती. वर एक वाटी कशाची तरी. उकंडराव ओट्यावर बसून वाट्या मोकळ्या करत होते आणि पुण्यात त्यांची पावलं अमरावतीपर्यंत पोचत होती.

मग पाच नवऱ्यांनी तंटामुक्ती समितीकडे अर्ज केला. अर्जदार पाच, गैरअर्जदार उकंडराव व त्यांचे घड्याळ, विषय: घरोघरी कलह लावणे. समितीच्या नियमाप्रमाणे अध्यक्षानं गैरअर्जदाराला नोटीस द्यायची असते. अध्यक्ष उकंडराव यांनी गैरअर्जदार उकंडराव यांना नोटीस काढली, पोस्टमनचा जुना बाणा म्हणून स्वतःच नेऊन दिली, दाराशी उभं राहून "उकंडराव आहेत का घरी?" अशी हाक मारली, आणि पोचपावतीवर सही घेऊन पाच दिवसांनी सुनावणी ठेवली. सुनावणीत अर्जदारांना विचारलं, "तुमचे सोताचे आकडे दाखवाले तयार हा काय?" अर्ज जागच्या जागी निकाली निघाला. गावात एवढ्या लवकर मिटलेला तंटा आजवर झाला नव्हता, अशी नोंद अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं केली.

पण परीक्षकाकडे दाद नव्हती. बुधवारी पौर्णिमाचा फोन आला तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि उकंडरावांना भीती त्याचीच वाटली. चढलेल्या आवाजाशी बोलता येतं.

"बाबा, आठ दिवसांची सरासरी एकोणीस हजार आहे. ठोके एकशे अठ्ठावीसवर गेलेत. तुम्हाला स्वतःचं काही करून घ्यायचंय का? मी रविवारी येते. बॅग भरून ठेवा."

फोन ठेवल्यावर उकंडराव आणि बबनराव ओट्यावर बसून राहिले. घड्याळ गुरगुरलं. उकंडराव उठले नाहीत.

"सरासरी हाय ना?" बराच विचार करून बबनराव म्हणाले. ते नववीत गणितात गेले होते, पण त्याला आता बरीच वर्षं झाली होती. "सरासरी खाली आणाची. दिवसभर बसून रायते असा माणूस पाहा."

"तुमीच हा की."

"मले लाज वाटते आता. धरमसिंगले द्या."

धरमसिंग मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, शेलूबाजार ते मानोरा जीप चालवायचा. सकाळी सीटवर बसला की संध्याकाळपर्यंत उतरायचा नाही. पाणीही खिडकीतून घ्यायचा. याहून स्थिर माणूस तालुक्यात मिळणं कठीण होतं. शुक्रवारी सकाळी घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं गेलं.

"काहीच कराचं नाई," उकंडरावांनी बजावलं. "फक्त बसून राय."

"थेच तर करतो, काका," धरमसिंग म्हणाला.

पण दुपारी जेवण झाल्यावर उकंडरावांचा धीर सुटला. एका दिवसाच्या बसण्यानं एकोणीस हजारांचे सहा हजार होत नाहीत, एवढं गणित त्यांना येत होतं. त्यांनी समोरचं दार आतून लावून घेतलं. एरवी ते दार संध्याकाळपर्यंत उघडंच असायचं, पण बॅग भरताना कोणी पाहू नये असं त्यांना वाटलं. बॅग मागच्या खोलीत फळीवर होती. ते प्लास्टिकच्या खुर्चीवर चढले, बॅगेचा पट्टा हाताला लागला, आणि खुर्चीनं आपला एक पाय काढून घेतला.

या वेळी ते बसले नाहीत, पडले. फरक समजावून सांगायला मात्र कोणी नव्हतं. डावा हात अंगाखाली, गुडघा कुठल्या दिशेला आहे ते कळेना, आणि वरून बॅग आली ती छातीवर. त्यांनी हाक मारून पाहिली. आवाज खोलीतल्या खोलीत फिरला. समोरच्या खोलीत फोन वाजला, थांबला, परत वाजला. उकंडराव छताकडे पाहत पडून राहिले. त्यांना पहिल्यांदाच वाटलं, की पोरीचं खरं आहे. आणि असं वाटल्यावर हातापेक्षा ते जास्त दुखलं.

आता त्याच वेळी तिकडे काय झालं, हे त्यांना मागाहून चौदा जणांकडून चौदा प्रकारे कळलं, त्यातलं जुळतं तेवढं असं.

मानोऱ्याचा तो रस्ता ज्यांनी कोणी बांधला त्यांनी खड्डे हातचे राखले नव्हते. घड्याळ प्रत्येक खड्ड्याला एक पाऊल लावत होतं. दुपारपर्यंत धरमसिंग जागचा न हलता एकतीस हजार पावलं चालला होता. मग एक गतिरोधक आला, जो त्याला पाठ होता, आणि त्याच्या लगेच पुढे एक नवा, जो पाठ नव्हता. जीप उडाली, चौदा प्रवासी उडाले आणि आपापल्या जागी, काहीजण दुसऱ्यांच्या, परत बसले. घड्याळानं पुण्याला कळवलं: उकंडराव जोरात पडले असावेत. ठिकाण, मानोरा रोड.

पुढच्याच क्षणी धरमसिंगच्या मनगटातून बाईच्या रडण्याचा आवाज आला. "बाबा! बाबा, कुठं लागलं?"

धरमसिंगनं जीप बाजूला घेतली. "बाई, मी बाबा नोहोय. धरमसिंग होय."

"माझे बाबा कुठं आहेत?"

"घरी असतीन."

"मग घड्याळ तुमच्याकडे कसं?"

"मले बसाले सांगतलं त्यायनं," धरमसिंग म्हणाला. याहून खरं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

पौर्णिमानं वडिलांना फोन लावला, दोनदा. कोणी उचलेना. मग बबनरावांना. बबनराव त्या वेळी, अब्रू राखायला, घरातल्या घरात येरझारा घालून पावलं वाढवायचा सराव करत होते. त्यांनी तसेच पाय गल्लीकडे वळवले. दार आतून बंद. हाका मारल्या, उत्तर नाही. सोजरबाई मागून आल्या, त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि म्हणाल्या, "सरका." कडी पहिल्याच धक्क्याला निघाली. पौर्णिमाच्या फोनपासून तोवर पाच मिनिटंही झाली नव्हती.

उकंडरावांना पहिल्यांदा दिसला तो बबनरावांचा चेहरा. फोनला तो का आवडतो, हे त्यांना त्या क्षणी समजलं.

वच्छलानं पाणी आणलं. सुंदरबाईनं मनगटाखाली उशी दिली. आणि तेवढ्यात दारात जीप येऊन थांबली. धरमसिंगनं वाटेतूनच ती फिरवली होती, प्रवाशांसकट. चौदाही उतरले. त्यातल्या एकाची मानोऱ्याला कोर्टाची तारीख होती, एक बाई माहेरी निघाली होती, दोघं तर मुळात उलट्या दिशेच्या जीपमध्ये चुकून बसले होते आणि आता आपोआप बरोबर ठिकाणी आले होते. माहेरवाशिणीनं परक्या घरात चूल शोधून चहा ठेवला. तारीखवाल्यानं उकंडरावांचे पाय धरले, नमस्कारासाठी नव्हे, उचलण्यासाठी. त्याच जीपमधून त्यांना वाशिमला नेलं. मनगटाला तडा होता. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं, सहा आठवडे या हातावर काही बांधायचं नाही. तेवढ्या वेदनेतही उकंडरावांना हे औषध लागू पडलं.

रविवारची पौर्णिमा शनिवारी सकाळीच आली, उत्कर्षला घेऊन. उकंडरावांनी खाटेवर पडल्या पडल्या सगळं सांगून टाकलं. बबनरावांचं तोंड, सोजरबाईंची पावलं, सुंदरबाईचा नवरा, स्वतःवरची नोटीस. उत्कर्षनं सगळं लक्षपूर्वक ऐकलं.

"मामाजी, तसं पाहिलं तर घड्याळाची चूकच झाली," तो गंभीरपणे म्हणाला. "पडलात तुम्ही घरात, आणि त्यानं कळवलं मानोरा रोडवरून."

पौर्णिमाचं लक्ष दाराकडे होतं. ती मोडलेल्या कडीकडे पाहत होती. मग तिनं फोन काढला. ती पुण्याच्या दवाखान्यात नर्स. आकडे वाचायची तिला सवय. "मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी हे कोणाच्या हातात होतं? नुसतं बसलेलं असतानाही ठोके मधेच चुकतायत."

गुरुवार वच्छलाचा होता. वच्छला म्हणाली, मले काई होत नाई, कधी कधी जीव घाबरते एवढंच. पौर्णिमानं तिला त्याच दुपारी धरमसिंगच्या जीपमध्ये घातलं आणि वाशिमला स्वतः घेऊन गेली. संध्याकाळी दोघी गोळ्यांची पुडी घेऊन परत आल्या. वच्छलाच्या नवऱ्यानं, जो पाच अर्जदारांपैकी पहिला होता, त्या रात्री पाण्याच्या खेपा केल्या. कोणी मोजल्या नाहीत.

रविवारी सकाळी गाडी दाराशी लागली. गल्ली जमली होती, निरोपाला म्हणा किंवा निकालाला म्हणा. उकंडरावांची बॅग खाटेशेजारी होती, भरलेली. आदल्या दिवशी त्यांनी ती स्वतः, एका हातानं भरली होती. आता वाद घालायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. जो माणूस खुर्चीवरून पडतो त्यानं अकराव्या मजल्याला नाही म्हणू नये.

पौर्णिमानं बॅग उघडली आणि त्यातले सदरे एकेक काढून खुंटीला लावू लागली.

"काय करून राह्यली?" उकंडरावांनी विचारलं.

"मागच्या महिन्यात उत्कर्षला ताप होता. घरात थर्मामीटर नाही. मोबाइलवरून मागवला, दहा मिनिटांत आला." ती सदरा झटकत म्हणाली. "आमच्याकडेही येतं बाबा कोणीतरी दहा मिनिटांत. पण दारातच उभं राहतं, आणि 'पाच स्टार द्या मॅडम' म्हणून जातं."

मग ती बबनरावांकडे वळली. "काका, दाराला आतून कडी लावायची नाही आता. आणि घड्याळ गल्लीतच राहू दे. फक्त कोणाच्या हातात आहे ते मला सकाळी कळवत जा."

उकंडराव उठून बसले. तंटामुक्ती अध्यक्षाला अशा प्रसंगी आभारप्रदर्शन करावं लागतं, असं त्यांनी जाहीर केलं. आपल्याकडे आभारप्रदर्शन म्हणजे खुर्च्या उचलायचा इशारा. तो शब्द ऐकला की सभा चपला शोधू लागते. पण त्या सकाळी कोणी हललं नाही.

त्यांनी घसा साफ केला. गतिरोधक बांधणाऱ्याचे आभार मानले, नवीन गतिरोधक बांधणाऱ्याचे विशेष. धरमसिंगचे मानले. चौदा प्रवाशांचे, ते हजर नसतानाही, एकेकाचं गाव घेऊन मानले. तारीख चुकलेल्या इसमाला पुढची तारीख लवकर न मिळो अशी शुभेच्छा दिली. बबनरावांच्या मुखाचे मानले. सुंदरबाईचे मानले, वच्छलाचे मानले. मग त्यांची नजर सोजरबाईंकडे गेली. तिथून ती पौर्णिमाकडे आली, खुंटीवरच्या सदऱ्यांकडे गेली, आणि पुढचा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. अध्यक्ष तोंड उघडं ठेवून तसेच बसून राहिले.

गल्ली थांबली. गाडीवाल्यानं हॉर्न वाजवायला उचललेला हात खाली घेतला.

"राहू द्या, भाऊ," सोजरबाई पदरानं नाक पुसत म्हणाल्या. "इथंच हा ना तुमी आता. रोज थोडे थोडे मानजा."